चौदा आसरांची विहीर

बोगद्यात काम करणाऱ्या बाईला लोक हमखास दोन प्रश्न विचारतात. पहिला, "भीती नाही वाटत?" आणि दुसरा, "घरचे काही म्हणत नाहीत?" पहिल्याचं उत्तर "वाटते" असं आहे आणि दुसऱ्याचं "म्हणून म्हणून थकले." जालन्यात मात्र तिसराच प्रश्न आला. माझ्या मैत्रिणीच्या, कांचनच्या वडिलांनी ताटात बट्टी कुस्करता कुस्करता विचारलं, "बेटा, तू जमिनीखालून जाती ते ठीक हाय. पर वर राहनाऱ्यांना विचारून जाती का न्हाई?"

मी हसून वेळ मारून नेली आणि वरणाची वाटी पुढं केली. पण सगळा प्रवास शेवटी त्या प्रश्नापाशीच येऊन थांबणार होता.

माझं काम काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काही लागायचं नाही. बोगदा खणायच्या आधी, तो जिच्या पोटातून जाणार त्या जमिनीत काय दडलंय ते मी शोधते. पाणी, वायू, पोकळ्या, आणि पूर्वीच्या माणसांनी खणून ठेवलेली भोकं. हे मी शिकले लॉस एंजेलिसला. तिथं मेट्रोचा बोगदा जुन्या तेलक्षेत्राजवळून जातो. तिथल्या लोकांनी एके काळी घरांच्या मागच्या अंगणातसुद्धा तेलविहिरी पाडल्या, तेल संपल्यावर सोडून दिल्या आणि वर इमारती बांधल्या. विहिरींचे लोखंडी नळ मात्र जमिनीत तसेच उभे. बोगद्याचं यंत्र अशा नळावर आदळलं तर यंत्र मोडतं, आणि नळातला वायू आत शिरला तर मग ठिणगीच काय ती बाकी राहते. म्हणून तिथं लोखंड हुंगणारं मशीन घेऊन पुढची जमीन तपासतात. नळ असला की मशीन बोलतं.

जालना जिल्ह्यात सरकीचं तेल सोडलं तर तेलाचा थेंब नाही. पण विहिरी आहेत, आणि बोअर तर विचारूच नका. भोकरदन तालुक्याच्या उत्तरेला जे डोंगर आहेत, त्यांच्या पोटातून रेल्वेचा बोगदा न्यायचं ठरलंय. बोगद्याच्या तोंडाशी डोंगर उतरता असतो, त्यामुळं तिथं बोगद्याच्या डोक्यावर खडकाचा थर पातळ. जुन्या विहिरीचा तळ छताच्या अगदी जवळ येऊ शकतो. विहीर बुजवलेली असली तरी दगडांच्या फटींत पावसाचं पाणी मुरून बसतं, कधी कुजका वायू कोंडतो. खालून सुरुंग लागला की वरचं सगळं घबाड, दगड नि पाणी, खाली उभ्या असलेल्या माणसांच्या अंगावर. म्हणून मी पुण्याहून मशीन घेऊन जालन्याला आले. संक्रांत नुकतीच होऊन गेली होती.

जुना जालना

कांचनचं माहेर जुन्या जालन्यात, धान्याच्या दुकानावर. खाली पोत्यांच्या थप्प्या, वर घर. जिन्यात ज्वारीच्या भुशाचा वास, आणि गल्ली एवढी अरुंद की समोरून रिक्षा आली तर दुचाकीवाल्यानं दुकानाच्या पायरीवर चढायचं, असा इथला अलिखित नियम. तिच्या वडिलांचे, बाबूजींचे पणजोबा राजस्थानातून इथं आले. "जालना सोने का पालना" ही म्हण बाबूजी अशी म्हणतात, जणू पाळण्याची दोरी त्यांच्याच हातात आहे.

आमच्या मिरजेला पाहुण्याला "अजून घ्या" असं तीनदा म्हणतात आणि तिसऱ्यांदा नाही म्हटलं की सोडतात. इथं विचारतच नाहीत. बट्टीवर तूप ओततात आणि तुम्ही ओरडलात की अजून ओततात. सोबत मराठवाडी ठेचा. दोन मुलखांचं हे लग्न मला फार आवडलं. फक्त ठेचा मी चटणी समजून घेतला आणि पुढचा अर्धा तास बाबूजी मला गूळ भरवत होते.

हसनाबादच्या पुढं

सकाळी इरफानभाई जीप घेऊन आले. मूळचे परतूरचे, पन्नाशीचे, आयुष्य पाहणीच्या कामात काढलेले. मशीन चालवणं, नोंदी घेणं आणि मला वेळेवर खायला घालणं या तिन्ही जबाबदाऱ्या त्यांनी न सांगता उचलल्या. हसनाबादला चहा आणि भजी झाली. पुढं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापसाच्या पळाट्या, कापून रचलेली तूर, आणि मधूनच हिरवागार शाळू. डोंगर आधी निळे दिसतात, मग राखी, आणि जवळ गेलं की नुसते दगड.

वाडीचं नाव मी लिहीत नाही, खडकवाडी म्हणूया. सगळी धनगरांची घरं. काहींची मेंढरं अजून आहेत, बाकीचे शेती नि मजुरी करतात. मशीन खांद्याला लावून इरफानभाई शेतातून चालायला लागले तसं मागं माणसांचं शेपूट लागलं. बोअरचे लोखंडी नळ मशीननं चटचट ओळखले. मग एका बांधापाशी ते जे किंचाळायला लागलं ते थांबेना.

"म्याडम, मशीन पागल झाली," इरफानभाई म्हणाले.

तोवर कुणीतरी कुदळ आणली होती. खणलं तर निघाला ट्रॅक्टरच्या अवजाराचा गंजका फाळ. पण दुपारपर्यंत शेजारच्या तीन गावांत बातमी गेली की पुण्याची एक बाई गुप्तधन शोधून राह्यली. एक आजोबा काठी टेकत आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, माझ्या गोठ्याखाली बी बघा. आर्धं तुमचं." मी पुष्कळ सांगितलं. ते जाताना पुटपुटले, "लई पक्की हाय. सांगत न्हाई."

संध्याकाळी पारावर मी सगळ्या जाणत्यांना विचारलं, "इथं पूर्वीची बुजवलेली एखादी विहीर आहे का?"

"न्हाई," एक जण म्हणाला.

"बिलकुल न्हाई," दुसरा म्हणाला. "आमच्या वाडीत बुजलेलं काई न्हाई."

उत्तर फार लवकर आलं. आठवायला माणसाला जेवढा वेळ लागतो तेवढासुद्धा त्यांनी घेतला नाही. आणि माझं मशीन इथं आंधळं होतं. तेलविहिरीला लोखंडाचा नळ असतो, पण दगडानं बांधलेली आणि दगडमातीनं बुजवलेली विहीर म्हणजे दगडात दगड. ती मशीनला कशी कळणार?

पारावर भगवानही होता. तिशीचा, अंगानं तट्ट. हिमाचलातल्या बोगद्यांवर त्यानं बरीच वर्षं काढली होती आणि घराजवळ काम निघतंय म्हणून परत आला होता. खडक फोडणाऱ्या टोळीत त्याचं नाव पक्कं झालं होतं.

"म्याडम, मी फेसला राहनार," तो अभिमानानं म्हणाला. बोगद्याची सगळ्यात पुढची, खडक फोडायची जी भिंत, तिला कामगार फेस म्हणतात. वरून काही आलं तर पहिल्यांदा तिथल्याच माणसांवर येतं. हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

चौदा

भगवाननं दुसऱ्या दिवशी मला घरी नेलं. त्याची आई रुखमनबाई, साठीची, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिचा नवरा मेंढरं घेऊन गोदावरीच्या अंगाला गेलेला, तो पावसाळ्याच्या तोंडावर परतणार. तिनं शेतात आगटी पेटवून हुरडा भाजला. गरम कणसं तळहातावर चोळून ती दाणे माझ्या पदरात टाकत होती, सोबत लसणाची चटणी. आमच्याकडं हुरड्याच्या पार्ट्या होतात, तिकिटं काढून. इथं मी एकटी पाहुणी आणि समोर पेटलेली आगटी. मी लाज सोडून खाल्लं.

मग मी तिची विहीर मोजायला गेले. वाडीतल्या बाकीच्या विहिरी उन्हाळ्यात तळ गाठतात, पण रुखमनबाईची विहीर टिकते. वैशाखात सगळी वाडी तिच्यावर पाणी भरते. काठावर शेंदूर लावलेले आसरांचे दगड होते. आसरा म्हणजे पाण्याच्या देवता, सात बहिणी. नव्या विहिरीला पाणी लागलं की काठावर सात दगड मांडतात, हे मला माहीत होतं. आदल्या दिवशी मोजलेल्या विहिरींवरही सातच होते.

इथं चौदा होते. सात मोठे, ओळीनं. आणि त्यांच्या मागं सात लहान, झिजलेले, शेंदराची पुटं चढून चढून गोटे झालेले.

"रुखमनबाई, इथं दोन-दोन आसरा कशा?"

तिचे हात थांबले. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "चहा टाकते बाई. तुमी दमल्या असाल."

चहा आला, गूळ घातलेला.

रात्रीच्या जेवणाला जालन्यात परतले आणि बाबूजींना सगळं सांगितलं. त्यांच्या आजोबांची धान्यखरेदी त्या भागात होती, त्यामुळं तिथल्या चालीरीती त्यांच्या घरात गोष्टींसारख्या सांगितल्या जायच्या. त्यांनी पापड मोडला आणि मलाच विचारलं, "बेटा, सांजेला दुकान बंद केलं, असं म्हनत्यात का तुझ्याकडं?"

"नाही. दुकान वाढवलं म्हणतात."

"घरातून निघताना जातो म्हनती?"

"येतो."

"मंग? ते लोक विहीर बुजली असं कसं म्हनतील?" ते म्हणाले. "पानी गेलं की विहीर बुजवायची. पर आसरा कोरड्यावर ठेवत न्हाईत. नवी विहीर खनली, पानी लागलं, की जुन्या आसरा वाजतगाजत नव्या विहिरीवर न्यायच्या. तिथून पुढं जुनीचं नाव कुनी घेत न्हाई. नाव घेतलं तर नवीचं पानी तिच्या मागं जातं, असं मानत्यात. ते तुझ्याशी खोटं बोलले न्हाईत, बेटा. त्यांनी पानी राखलं."

मी जेवायची थांबले. लॉस एंजेलिसच्या लोकांनी त्यांच्या विहिरी विसरून टाकल्या होत्या. इथं कुणी काही विसरलं नव्हतं. सगळ्या वाडीला ती जागा माहीत होती आणि सगळी वाडी रोज तिला वळसा घालून बोलत होती. चौदा दगड असल्याचा अर्थ मला आता कळला होता. जवळपास कुठंतरी एक जुनी विहीर होती. कुठं, ते तोंडानं सांगणारं कुणी नव्हतं. आणि ती बोगद्याच्या वाटेवर असली तर तिच्याखाली रुखमनबाईचा मुलगा उभा राहणार होता.

बोट

दुसऱ्या दिवशी मी रुखमनबाईच्या ओसरीवर बसले आणि आडपडदा न ठेवता बोलले. खालून बोगदा येईल, वर बुजलेली जागा असेल तर काय होईल, ते सांगितलं. भगवान शेजारी बसला होता. मी थांबले तेव्हा तो बोलायला लागला.

"आये, हिमाचलात आमच्या बोगद्यात एकदा वरून पानी फुटलं. आमी जेवायला भाईर आल्तो म्हनून वाचलो. मशीन सारी चिखलात गेल्ती. मी तुला सांगितलं न्हाई."

रुखमनबाईनं पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "बाई, माझा एकच पोरगा हाये. पर हिरीवर साऱ्या वाडीचं पानी हाये. मी तोंड उघडलं आन् वैशाखात पानी गेलं, तर बायका कुठं जातील घागरी घेऊन? मला काय म्हनतील?"

इथं मी घोडचूक केली. मला वाटलं, तोडगा किती सोपा आहे. मी म्हणाले, "तुम्ही बोलू नका. नुसतं बोट दाखवा. लांबून."

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी तिला चोरी करायला सांगत होते. "बोट दावनं म्हंजे नाव घेनंच की. देवाला फसवायला लावता व्हय?"

ती उठून आत गेली. भगवानही खाली मान घालून बसला. मला स्वतःचाच राग आला. मोठ्या शहाण्यासारखी मी तिच्या देवतांना पळवाट काढून देत होते आणि तिला पळवाट नको होती.

थोड्या वेळानं ती पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. राग गेला होता, पण विषय तिनं बदलला होता.

"तुमचं म्हायेर कुठलं?"

"मिरज."

"कोन हाये तिथं?"

"आता कुणी नाही. आई गेली, मग बाबा. घर विकलं. तिथं आता मोठी इमारत झालीय."

"मंग जात न्हाई?"

"जाते की," मी म्हणाले, आणि जे कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगून बसले. "मिरजेला कामाला गेले की त्या गल्लीत जातेच. आमचा दरवाजा होता तिथं आता गाड्या लावतात. तिथं उभी राहते थोडा वेळ. कुणी हाक मारत नाही, मीही कुणाला काही बोलत नाही. मग परत फिरते. तेवढ्यानं बरं वाटतं."

सांगता सांगता माझे डोळे भरून आले. ती माझ्याकडं टक लावून बघत होती. मग विहिरीच्या दिशेनं बघायला लागली. ती काय विचार करतेय ते मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, बाई माझी कीव करतेय.

निघताना ती म्हणाली, "उद्या सकाळच्याला या. हळदीकुंकू हाये. त्या भाईंला बी आना, ते मशीन नका आनू."

माहेर

सकाळी पोचलो तर वाडीतल्या सगळ्या बायका रुखमनबाईच्या विहिरीवर जमलेल्या. आदल्या संध्याकाळी तिनं घराघरात जाऊन त्यांना गोळा केलं होतं आणि त्यांनी आपसात काय ते ठरवलं होतं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे दिवस असतात, हे निमित्तही आयतं जुळून आलं होतं. पुरुष लांब बांधावर उभे होते. पहिल्या दिवशीचे पारावरचे दोघेही त्यांच्यात होते आणि त्यांनी मला हात जोडले.

रुखमनबाईनं मागचे सात लहान दगड विहिरीच्या पाण्यानं धुतले, नवा शेंदूर लावला. प्रत्येकीपुढं एक हिरवी बांगडी ठेवली, हळदीकुंकू वाहिलं. मग एका दुरडीत कडुलिंबाचा पाला अंथरून तिनं ते सातही दगड त्यात निजवले. उरलेल्या सात मोठ्या दगडांना हात जोडून ती म्हणाली, "तुमी इथंच ऱ्हा. घर सांभाळा. लेकी म्हायेरला चालल्यात, पाच-सात दिवसांत येतील."

मग ती माझ्याकडं वळली. "लेकीनं म्हायेरला जायाला कुनाला नाव सांगावं लागत न्हाई. वाट तिला ठाऊक असती."

मला कळायला एक क्षण लागला. मग उमगलं, जुनी विहीर हेच त्या सातजणींचं माहेर.

तिनं दुरडी डोक्यावर घेतली. मागं एकीच्या डोक्यावर विहिरीच्या पाण्यानं भरलेली घागर, मागं बाकीच्या. कुणी बोलत नव्हतं. बांध ओलांडून, कापसाच्या पळाट्यांमधून, तुरीच्या कापलेल्या रानातून ती चढाकडं चालत गेली. आदल्या तीन दिवसांत इरफानभाई आणि मी त्या रानातून मशीन घेऊन दोनदा गेलो होतो आणि मशीन हूं की चूं बोललं नव्हतं. रानाच्या वरच्या अंगाला, जिथं जमीन बाकीच्या जमिनीसारखीच दिसत होती, तिथं ती थांबली. दुरडी उतरवली. दगड गोल मांडले आणि घागर त्यांच्यावर हळूहळू ओतली. पाणी झरझर मुरलं. शेजारच्या मातीत सांडलं ते मात्र तसंच साचून राहिलं.

इरफानभाईंनी चपला काढल्या होत्या. लांबूनच त्यांनी जागेची नोंद घेतली आणि माझ्या हातात कागद दिला. ती जागा बोगद्याच्या आखलेल्या वाटेच्या एका कडेला, जवळजवळ माथ्यावरच होती.

"म्याडम, अल्लाची मेहरबानी," ते हळूच म्हणाले.

भगवाननं तो कागद पाहिला. मग त्या सात दगडांकडं पाहिलं, मग पायाखालच्या मातीकडं. तो तिथंच खाली बसला आणि माती चाचपायला लागला. रुखमनबाईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "ऊठ रे. जेवायचं हाये."

माहेरी आलेल्या लेकींना जेवायला घालायचं म्हणून बायकांनी धपाटे, दही, वांग्याचं भरीत आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती. आधी सात दगडांपुढं नैवेद्य, मग आमची पंगत, त्याच रानात. माझ्या ओटीत खण-नारळ पडला. मी म्हणाले, मी पाहुणी आहे, मला कशाला? एक म्हातारी म्हणाली, "तू बी म्हायेरवाशीणच की." इतकं खाल्लं की जीपमध्ये चढताना इरफानभाईंना मला हात द्यावा लागला.

सात दगड तिथं असेपर्यंत बायका रोज एक घागर त्यांच्यावर घालत होत्या, कारण आसरा कोरड्यावर ठेवत नाहीत. मग लेकींची पाठवणी करून त्यांना परत विहिरीवर नेलं. पाठवणीला मी नव्हते. भगवाननं फोनवर सांगितलं की आई रडली.

परतल्यावर

चैत्रात त्या जागेवर चाचणीचं ड्रिलिंग झालं. मशीनचं पातं थोडं खाली गेलं आणि सैल दगडांत फसलं. खाली पाणी होतं, भरपूर, आणि वर आलेल्या हवेचा वास मला आवडला नाही. आता ते पाणी उपसून, हवा खेळवून, ती पोकळी वरून सिमेंटनं भरून घट्ट करायची असं ठरलं आहे, आणि बोगदा तिथवर आला की पुढं लांब भोकं पाडून चाचपत, लहान लहान सुरुंग लावत जायचं.

रुखमनबाईच्या विहिरीचं काय, हे तुम्ही विचाराल. मीही रोज विचारत होते. तिच्या पाण्याची पातळी आम्ही मोजत राहिलो, कारण बोगद्यानं तिचं पाणी ओढू नये हीसुद्धा आमचीच जबाबदारी. वैशाखात भगवानला फोन केला तेव्हा मागं घागरींचा आणि बायकांच्या भांडणाचा आवाज येत होता. "म्याडम, ऐकून राह्यल्या ना? नंबरावरून भांडून राह्यल्यात," तो म्हणाला. विहिरीवर भांडण म्हणजे विहिरीत पाणी. मला इतका आनंद झाला की मी ऑफिसात पेढे वाटले आणि कारण कुणालाच सांगता आलं नाही.

हे लिहायला बसायच्या आधी एकदा पुन्हा जाऊन आले. डोंगराच्या पायथ्याला कामाचं ऑफिस उभं राहिलंय आणि कामगारांना सुरक्षेचं शिक्षण द्यायला मला बोलावलं होतं. भिंतीवर बोगद्याचा मोठा नकाशा. त्यावर जुन्या विहिरी आणि बोअर गोलांनी दाखवलेत, शेजारी प्रत्येकाचा नंबर आणि नाव. त्या एका गोलाशेजारी नंबर आहे, नावाची जागा मी कोरी ठेवायला लावली. नकाशा काढणाऱ्या मुलीनं दोनदा विचारलं. मी दोनदा नको म्हटलं.

भगवान त्या नकाशापुढं बराच वेळ उभा होता. संध्याकाळी त्यानं विचारलं, "म्याडम, हा घरी नेऊ का? उद्या आनतो. आयेला दावायचा हाये."

सकाळी तो नकाशाची गुंडाळी घेऊन आला. मी ती टेबलावर उलगडली. रुखमनबाईला अक्षर वाचता येत नाही. नकाशावरचे डोंगर, ओढा, वाडी तिला भगवाननं दाखवली असणार. बाकी कुठं बोटाचा डागसुद्धा नव्हता. फक्त त्या बिननावाच्या गोलावर हळद आणि कुंकू वाहिलेलं होतं.

तेवढ्यात साइटवरचे इंजिनिअर आले आणि म्हणाले, "अरेच्चा, हा खराब झाला की. दुसरी प्रत मागवू."

"नको," मी म्हणाले, "हाच लावा." भगवाननं खुर्ची ओढली, वर चढला, आणि फेसला जाणाऱ्या प्रत्येक माणसाला दिसेल असा तो दारासमोर लावला.